पाइप लांबीतच का फाटतो

शेतातली पाइपलाइन फुटते तेव्हा ती जवळजवळ नेहमी लांबीच्या दिशेने फाटते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नीरेवरून किंवा उजनीच्या फुगवट्यावरून काही किलोमीटर पाणी उचलून आणणाऱ्या शेतकऱ्यांनी हे इतक्यांदा पाहिले आहे की त्याचे कुणाला नवल उरलेले नाही. चर उकरला की पाइपाला वीतभर, कधी हातभर उभी चीर दिसते. अंगातून गोल आडवा तुटलेला पाइप क्वचितच सापडतो. आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मोटर सुरळीत चालू असताना पाइप सहसा फुटत नाही, लाइट गेली की फुटतो. तोही वरच्या शेताजवळ कमी आणि खाली नदीच्या बाजूला जास्त.

या तिन्ही गोष्टींना कारण आहे आणि ते बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल इतके सोपे आहे. पाइपातले पाणी सगळ्या बाजूंनी सारखेच रेटते, पण भिंतीला ते सारखे सोसावे लागत नाही. पाइप आडवा तोडायचा तर पाण्याचा रेटा त्याच्या गोल तोंडावर येतो आणि तो पेलायला पूर्ण परिघाची भिंत हजर असते. पाइप उभा फाडायचा तर रेटा पाइपाच्या रुंदीवर येतो आणि तो पेलायला समोरासमोरच्या फक्त दोन कडा असतात. हिशेब मांडला की उत्तर नेमके दुप्पट येते. उभी चीर पाडणारा ताण आडवा तुकडा पाडणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. भिंत सगळीकडे सारखी मजबूत असेल, तर ती आधी उभीच फाटणार.

लाइट गेल्यावरचे गणितही असेच आहे. चढाने निघालेला पाण्याचा लांबलचक स्तंभ मोटर थांबताच मंदावतो, क्षणभर थबकतो आणि मागे फिरतो. खालचा एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारी झडप, आपटून बंद होतो आणि मागे आलेले पाणी त्यावर आदळते. वाहते पाणी एकदम अडवले तर दाब किती वाढतो, हे निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून मांडले. दाबाची लाट पीव्हीसी पाइपातून सेकंदाला साधारण ३०० ते ५०० मीटर वेगाने धावते. सेकंदाला एक मीटर वेगाने येणारे पाणी एकदम थांबले, तर मूळ दाबात दर चौरस सेंटिमीटरला चार किलोच्या आसपास भर पडते. ३० मीटर चढाच्या लाइनीत तळाशी तीन किलो दाब आधीच असतो. त्यात ही भर पडली की सहा किलो दाबासाठी बनवलेल्या पाइपावर सात किलो येतात. नवा पाइप हे सोसतो, कारण तो बनवतानाच ताकद राखून ठेवलेली असते. उन्हाने ठिसूळ झालेला, दगडावर टेकलेला, वर्षानुवर्षे असे ठोके खाल्लेला पाइप सोसत नाही. आणि तळाशी दाब सर्वांत जास्त म्हणून तिथेच तो जातो.

इथपर्यंत आले की बहुतेकांचे समाधान होते. ‘असे का होते?’ या मथळ्याखाली वर्तमानपत्रांत आणि मुलांच्या पुस्तकांत चौकटी येतात, त्या नेमक्या इथेच थांबतात. प्रश्न, चार ओळींचे उत्तर, शेजारी चित्र. मला त्या आवडतात, लहानपणी विज्ञानाची गोडी अनेकांना त्यांतूनच लागते. पण त्यांतून एक चुकीची समजूतही रुजते, ती म्हणजे कारण कळले की विषय मिटला. माझे म्हणणे याच्या उलट आहे. कारण हाती आले की खरे काम सुरू होते, कारण खऱ्या कारणाला पैज लावता आली पाहिजे. जे घडून गेले त्याबद्दल ते बोलतेच, पण जे अजून पाहिलेले नाही त्याबद्दलही त्याने काही सांगितले पाहिजे, आणि ते चुकले तर चुकल्याचे दिसले पाहिजे.

पाइपाच्या कारणाला लावू या पैज. ते सांगते की दाब तोच राहिला आणि व्यास वाढला तर भिंतही त्या प्रमाणात जाड हवी. कोणत्याही पाइपच्या दुकानात जा. सहा किलोचा तीन इंची पाइप आणि सहा किलोचाच सहा इंची पाइप शेजारी ठेवा, कडा नुसत्या डोळ्यांनी ताडून पाहा. ते आणखी सांगते की सोल्युशन लावून जोडलेल्या आडव्या सांध्यावर भिंतीपेक्षा निम्माच ताण येतो. म्हणून सरळ लाइनीतला सांधा निसटला असेल तर दोष दाबाला देण्याआधी जोडणी तपासावी. बेंडपाशी मात्र वेगळे घडते. तिथे पाणी वळताना पाइपाला बाहेर ढकलते, म्हणून बेंडमागे काँक्रीटचा ठोकळा हवा. चार ओळींच्या उत्तरातून कामाच्या तीन गोष्टी निघाल्या, त्याही फुटलेला पाइप न पाहता.

आणि हेच कारण धरून आणखी पुढे गेले तर माणूस वालचंदनगरच्या कारखान्याच्या फाटकाशी पोचतो. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती हे गाव वसले. पुढे इथे साखर कारखान्यांची यंत्रे आणि बॉयलर तयार होऊ लागले आणि तिथूनच इस्रोच्या अग्निबाणांची कवचे बाहेर पडू लागली. १४ जुलै २०२३ला चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या प्रक्षेपकाला दोन्ही बाजूंनी एस-२०० नावाचे बूस्टर होते. प्रत्येकाचा व्यास ३.२ मीटर आणि पोटात सुमारे दोनशे टन घन इंधन. त्यांचे काही भाग वालचंदनगरला बनले. इंधन पेटल्यावर आत वायूचा प्रचंड दाब तयार होतो आणि पोलादी कवचाची भिंत तो सोसते. त्या भिंतीची जाडी ठरवताना अभियंता ज्या सूत्रापासून सुरुवात करतो ते पाइपाचेच सूत्र आहे: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. लांबीच्या दिशेने जोड असेल तर त्यावर आडव्या जोडाच्या दुप्पट ताण, हेही तसेच.

फाटलेल्या पाइपाच्या चरात उभा असलेला शेतकरी आणि कारखान्यात वेल्डिंगचा एक्स-रे तपासणारा कामगार हे कित्येकदा एकाच घरातले असतात. तरीही शाळेत दाबाच्या पाठाला उदाहरण म्हणून यांपैकी काही येईल याची खात्री नसते. दाबाचा धडा पाणबुडीने सुरू होतो, गोठणबिंदूचा बर्फाच्छादित रस्त्याने. मुलांनी जगभरची उदाहरणे शिकावीत, त्याबद्दल वाद नाही. पण पैज लावायला ज्या गोष्टी हाताशी लागतात त्या त्यांच्या बांधावर आहेत.

आता थोडे गुऱ्हाळाकडे, कारण माझ्या मुद्द्याला तिथे पहिला खरा विरोध भेटतो. काहिलीतला रस आटत आला की गुळव्या त्याचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी दाबून पाहतो. मऊ पण टिकणारी गोळी झाली की काहील उतरवायची. त्याने तापमापक कधी वापरलेला नसतो, रसायनशास्त्र शिकलेले नसते, आणि त्याचा गूळ चांगला होतो. मग कारण कळून त्याला अधिक काय मिळाले असते?

आधी कारण काय ते पाहू. पाण्यात साखर जितकी दाट, तितके ते उशिरा उकळते. साधारण अर्धा किलोमीटर उंचीच्या या पठारावर साधे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, तर गुळाचा रस उतरवण्याच्या वेळी ११५ ते १२० अंशांच्या मध्ये असतो. म्हणजे तापमान हे रसात किती पाणी उरले याचे माप आहे आणि गोळी हे त्याच गोष्टीचे दुसरे माप. एखादा म्हणेल, मग गोळीऐवजी तापमापक वापरावा, ते जास्त शास्त्रीय. इथे कारणच त्याला अडवते. हवेचा दाब उंचीनुसार बदलतो. महाबळेश्वरला पाणी ९५ अंशांच्या जवळपास उकळते, कोकणात समुद्रकाठी शंभरला. वालचंदनगरजवळ ठरवलेला आकडा घेऊन कुणी महाबळेश्वरला गूळ करायला बसला, तर तीन अंशांनी फसेल आणि ढेप दगडासारखी होईल. गोळीला ही अडचण नाही, कारण ती हवेच्या दाबाला विचारत नाही, उरलेल्या पाण्यालाच विचारते. विज्ञानाने इथे गुळव्याला खोटे पाडले नाही. उलट त्याची कसोटी तापमापकापेक्षा चांगली का आहे, ते सांगितले.

त्याच्या बाकीच्या सवयींतही असाच अर्थ आहे. रसात तो चुना घालतो, कारण आंबट रस तापला की साखरेचे रेणू तुटतात आणि त्यांची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही दोन रूपे होतात. फ्रुक्टोज हवेतली ओल ओढते. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते ते यामुळे, आणि शेजारच्या डब्यातल्या पांढऱ्या साखरेला तितके सुटत नाही तेही यामुळे. ऊस तोडून उन्हात पडून राहिला तरी हेच तुटणे सुरू होते. म्हणून शिळ्या उसाचा गूळ चिकट होतो, म्हणूनच कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरची रांग लांबली की साखर उतारा घसरतो. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, कुठल्याही कारखान्याच्या सभासदाला उताऱ्याचा हा फटका ठाऊक असतो. तो फटका आणि घरच्या डब्यात पाझरणारी ढेप या एकाच रेणूच्या दोन गोष्टी आहेत, हे मात्र क्वचितच कुणी त्याला सांगितलेले असते.

म्हणजे गुळव्याबद्दलच्या आक्षेपाला माझे उत्तर असे: अनुभव ज्या परिस्थितीत घडला त्या परिस्थितीत तो पुरतो, कधी कधी शास्त्रापेक्षा बारीक असतो. परिस्थिती बदलली की तो मुका होतो. साखर कारखान्यांनी रस बंद भांड्यात, हवा काढून, ६०-७० अंशांवर उकळायला घेतला, म्हणजे साखर करपू नये आणि तुटू नये. एडवर्ड हॉवर्ड यांची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. पुढे अमेरिकेतल्या लुईझियानात नॉर्बर्ट रिलिओ यांनी १८४३ मध्ये एका भांड्यातल्या वाफेवर पुढचे भांडे, कमी दाबाखाली, उकळण्याची रचना पेटंट केली. आज प्रत्येक साखर कारखाना त्या तत्त्वावर इंधन वाचवतो. पिढ्यान्‌पिढ्या उघड्या काहिलीवर काम केलेल्या हातांना या गोष्टी सुचणे कठीण होते, कारण काहिलीत दाब बदलत नाही. त्यासाठी उकळणे म्हणजे काय हेच समजावे लागते.

याच तऱ्हेने दूरच्या गोष्टींचे नाते लागते. चहा ढवळला की पत्ती कपाच्या कडेला जायला हवी, पण ती तळाशी मधोमध गोळा होते. आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये एका छोट्या लेखात हे कोडे सोडवले. तळाशी घर्षणाने पाणी मंद फिरते, त्याला बाहेर जाण्याचा जोर कमी पडतो आणि वरच्या पाण्याचा दाब त्याला आत ढकलतो, सोबत पत्तीही जाते. त्याच लेखात त्यांनी सांगितले की नदीच्या वळणावर नेमके हेच घडते. तळचे पाणी आतल्या काठाकडे सरकते आणि वाळू तिकडे नेऊन टाकते, बाहेरचा काठ मात्र खणला जातो. सोलापूर जिल्ह्याची हद्द सांभाळत, वळणे घेत नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. त्या वळणांपैकी कोणत्याही एका ठिकाणी जाऊन पाहा, वाळू कोणत्या काठाला आणि डोह कोणत्या काठाला. कारण खरे असेल तर ते आधीच सांगता येईल.

सगळ्याच कोड्यांची उत्तरे अशी नीटनेटकी मिळत नाहीत, आणि ते मुलांना सांगायला हवे. १९६३ मध्ये टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, शाळेत एरास्टो एम्पेम्बा या मुलाला आइसक्रीम करताना दिसले की त्याचे गरम मिश्रण इतरांच्या गार मिश्रणाआधी गोठले. शिक्षकांनी त्याची टर उडवली. पुढे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेनिस ऑसबोर्न यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख आला. आज अर्ध्या शतकानंतरही हा परिणाम कोणत्या परिस्थितीत घडतो, किंवा नीट मोजमाप केले तर घडतो तरी का, यावर वाद चालू आहे. त्या मुलाने योग्य ते केले: पाहिले, विचारले, आणि ‘असे होत नसते’ या उत्तरावर गप्प बसला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहायला घेतले तिकडे येतो. बारामती-इंदापूरच्या कालव्याखालच्या भागात उन्हाळ्यात काही शेते पांढरी पडतात. सकाळी पाहिले तर ढेकळांवर पिठासारखा थर दिसतो, पावसाने तो जातो, उघडीप पडली की परत येतो. पुढे त्या तुकड्यात ऊस पिवळा पडतो, मग उगवत नाही, मग तो तुकडा पडीक राहतो. कारण विचारले तर एक उत्तर हमखास मिळते: रासायनिक खतांनी जमीन मारली. सभांतून, मोबाइलवरच्या संदेशांतून, चांगल्या शिकलेल्या माणसांकडून हेच ऐकू येते.

या उत्तराला पैज लावू या. खतांमुळे जमीन पांढरी होत असेल, तर जिथे खत जास्त तिथे पांढरेपणा जास्त दिसायला हवा. एकाच मालकाचे, एकाच हंगामात, तेवढेच खत खाल्लेले दोन तुकडे घ्या, एक उताराच्या वर, एक खाली ओढ्याच्या किंवा कालव्याच्या कडेला. वरचा सहसा काळाच राहतो, खालचा पांढरा होतो. आणि खते येण्याआधी असे घडलेच नसायला हवे. पण नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला आणि १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर मुंबई सरकारच्या शेतकी खात्यासाठी अहवाल प्रसिद्ध केला. खतांसाठी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचा जगातला पहिला मोठा कारखाना जर्मनीत १९१३ मध्ये सुरू झाला. खतांची पोती इथल्या शेतांत पोचायच्या कितीतरी आधी जमीन पांढरी पडू लागली होती. खतांचे उत्तर पैज हरले.

दुसरे उत्तर पाण्याचे. या भागात वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, उसाला पाणी लागते दोन हजारांच्या आसपास. बाकीचे कालवा आणतो. त्यातले जास्तीचे पाणी मुरते, काळ्या मातीतून सावकाश झिरपते, खालच्या कठीण थरावर साठते आणि पाण्याची पातळी वर चढत जाते. ती जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आली की मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी आपोआप वर ओढले जाते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच. वर येऊन पाणी उडून जाते, त्यात विरघळलेले क्षार मात्र उडत नाहीत. ते पृष्ठभागावर उरतात, रोज थोडे. पांढरा थर म्हणजे हाच साठा. त्या क्षारांत सोडियम जास्त असेल तर चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, जमीन चोपण होते, ओली असताना निसरडी आणि वाळली की दगड.

हे उत्तर सगळ्या पैजा जिंकते. सखल भागच का, कालव्याच्या कडेलाच का, उन्हाळ्यातच का, पावसाने थर का जातो, कोरडवाहू गावात तेच का दिसत नाही. आणि ते एक कडू गोष्टही सांगते: निचरा नसताना क्षार धुऊन काढायला म्हणून आणखी पाणी दिले तर पातळी वर येऊन नुकसान वाढेल. जिप्सम टाकल्याने सोडियमची जागा कॅल्शियम घेतो हे खरे, पण सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो. आधी चर, भूमिगत सच्छिद्र पाइप, ओढ्याची सफाई, मग जिप्सम. कारण चुकीचे धरले तर हा क्रम उलटा होतो. खते बंद करून, पाणी तसेच ठेवून, माणूस वाट पाहत बसतो आणि जमीन हातची जाते. खतांचा अतिरेक वाईट नाही असे मी म्हणत नाही. त्याचे तोटे वेगळे आहेत आणि त्यांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. पण या पांढऱ्या थराचा आळ त्यांच्यावर टाकून आपण कालव्याच्या पाळीला आणि उसाच्या पाटपाण्याला मोकळे सोडतो. खताला नावे ठेवणे सोपे आहे, पाणी कमी घ्यायला सांगणे अवघड आहे. म्हणूनच हे उत्तर इतके टिकले असावे, असे मला वाटते.

मॅन-ताम्हणे यांच्या अहवालाला शंभर वर्षे उलटून गेली. मधल्या काळात नीरेच्याच खोऱ्यात पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे, २००९ पासून बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे आणि क्षार हा तिच्या अभ्यासाच्या विषयांपैकी एक आहे. ज्ञान कमी पडले असे म्हणता येत नाही. ते गावात पोचले ते तयार उत्तराच्या रूपात, आणि तयार उत्तरांच्या बाजारात जे सोपे ते खपते. ज्याने स्वतः पैज लावून पाहिली आहे त्याला चुकीचे उत्तर विकता येत नाही.

ती पैज शाळेला परवडणारी आहे. दोन-अडीच मीटर लांबीचे पीव्हीसी पाइपाचे चार तुकडे, फुटक्या लाइनीतले चालतील. खालच्या अर्ध्या भागाला बारीक भोके पाडून त्यावर जाळी गुंडाळायची. शाळेच्या आसपासच्या एकाच शिवारात दोन तुकडे चढावर आणि दोन पांढऱ्या पडलेल्या सखल जागी उभे गाडायचे, तोंड झाकून ठेवायचे. नववीच्या मुलांनी कालव्याचे आवर्तन सुटण्याआधी एकदा, सुटल्यानंतर आठवड्याने एकदा, आणि मग दर महिन्याला दोरीला वजन बांधून आत पाणी किती खोल आहे ते मोजायचे. प्रत्येक शेतकऱ्याला विचारून एकरी किती पोती खत पडले ते त्याच वहीत शेजारच्या रकान्यात लिहायचे. उन्हाळ्यात थर दिसला की कोणत्या तुकड्यात किती, त्याची नोंद. खतांचे उत्तर खरे असेल तर थर पोत्यांच्या रकान्याबरोबर वाढेल. पाण्याचे उत्तर खरे असेल तर पाण्याच्या रकान्यात खोली जिथे कमी तिथे तो जास्त असेल, आणि आवर्तनानंतर सखल भागातल्या पाइपात पाणी वर आलेले मुलांना त्याआधीच दिसलेले असेल.